कुंपणच जेव्हा शेत खाते

मोटारीचे यंत्र बिघडले म्हणजे ते बहुधा काही ना काही बोलून दाखवते. चाकाचे बेअरिंग घुरघुरते, ब्रेक किंचाळतो, रेडिएटर वाफा सोडतो. एक बिघाड मात्र असा आहे की, गाडी उभी असताना, सर्व दिवे मालवलेले असताना आणि घरची माणसे निजलेली असताना तो चोरपावलांनी होत राहतो. सकाळी किल्ली फिरवावी, तो सेल्फचा नुसता टकटक आवाज यावा, समोरच्या फलकावरचे दिवे क्षणभर मिणमिणून मंद व्हावेत आणि गाडीने जागचे हलू नये, एवढाच त्याचा पुरावा. बॅटरी उतरली, असे मग म्हटले जाते. ती कोणी उतरवली, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. बॅटरीवाल्याकडून नवी बॅटरी येते आणि पंधरा दिवसांनी तीही जुनीच्याच वाटेने जाते.

या प्रकरणात संशयित पुष्कळ असतात. परंतु त्यांतील एकाची गोष्ट विशेष विचार करण्याजोगी आहे. गाडी विकत घेतल्यानंतर बाजारातून आणून वेगळा बसवलेला अलार्म, हा तो संशयित. गाडी चोरीस जाऊ नये म्हणून तो बसवलेला असतो. काच फुटली, दार उघडले किंवा कोणी धक्का दिला, तर त्याने ओरडून मालकाला उठवावे, हे त्याचे काम. हे काम करता यावे म्हणून तो अहोरात्र जागा असतो, आणि जागे राहण्याला शिधा लागतोच. हा शिधा गाडीच्या बॅटरीतून येतो. पहारेकऱ्याने आपल्या वाट्याचा शिधा घ्यावा, त्याबद्दल कोणाची तक्रार नाही. तो कोठारच रिते करू लागला, तर मात्र कुंपणानेच शेत खाल्ले असे म्हणावे लागते.

ही गोष्ट क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. पण मध्यरात्री घरातील एखाद्या वृद्धाची छाती दुखू लागावी आणि नेमकी त्याच वेळी गाडी मुकी व्हावी, असा प्रसंग ज्या घरावर येतो, त्या घराला ती क्षुल्लक वाटत नाही. शिवाय चोर सोडून संन्याशाला फाशी, हा न्याय येथे सर्रास चालतो. निर्दोष बॅटरी भंगारात जाते, कधी निर्दोष अलार्म उपटून टाकला जातो, आणि खरा दोष जागच्या जागी राहतो. म्हणून संशय कोठे संपतो व पुरावा कोठे सुरू होतो, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

प्रथम कोठाराची ओळख करून घ्यावी. शिसे आणि सौम्य गंधकाम्ल यांच्या योगाने वीज साठवण्याची युक्ती फ्रान्समधील गास्ताँ प्लाँते यांनी 1859 मध्ये शोधून काढली. पुढे 1881 मध्ये कामीय फोर यांनी शिशाच्या पट्ट्यांवर शिशाच्या संयुगाचा लेप देऊन तिची साठवणशक्ती वाढवली. 1912 मध्ये अमेरिकेत कॅडिलॅक गाडीला चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा स्टार्टर बसला, आणि समोर उभे राहून हँडल मारण्याचे कष्ट व त्यातील अपघात हळूहळू संपले. आपल्याकडे ॲम्बॅसॅडरसारख्या जुन्या गाड्यांना हँडलची सोय बराच काळ होती. बॅटरी रुसली तरी मनगटाच्या जोरावर गाडी चालू करता येई. आजच्या गाडीला ती पळवाट राहिलेली नाही, आणि म्हणूनच तिच्या बॅटरीचा हिशेब अधिक काटेकोरपणे ठेवावा लागतो.

मोटारीच्या बॅटरीत सहा घट एकापुढे एक जोडलेले असतात. प्रत्येकाचा दाब दोन व्होल्टांहून किंचित अधिक. बॅटरी पूर्ण भरलेली असून काही तास स्वस्थ राहिलेली असली, तर मीटर 12.6 ते 12.7 व्होल्ट दाखवतो. 12.2 च्या आसपास काटा आला, तर कोठार निम्मे रिकामे झाले असे समजावे. आणि 12 च्या खाली गेला, तर तळ दिसू लागला. 12.6 आणि 12.2 यांत फरक अवघा चार दशांशांचा. पण या चार दशांशांत अर्धी बॅटरी मावते, हे ध्यानात न घेतल्यामुळे ‘बारा व्होल्ट तर दाखवते आहे, मग बॅटरी चांगलीच आहे’ असा चुकीचा निर्वाळा पुष्कळदा दिला जातो.

दाबाइतकाच महत्त्वाचा दुसरा शब्द अँपिअर-तास हा होय. लहान मोटारीची बॅटरी साधारणपणे 35 अँपिअर-तासांची असते. याचा स्थूल अर्थ असा की, एक अँपिअर प्रवाह ती सुमारे 35 तास पुरवील. इंजिन चालू करताना सेल्फ फार मोठा प्रवाह ओढतो, म्हणून तोच सर्वांत मोठा उधळ्या असा समज आहे. प्रत्यक्षात हिशेब करून पाहावा. दीडशे अँपिअरचा प्रवाह दोन सेकंद वाहिला, तर खर्च झाले 300 अँपिअर-सेकंद, म्हणजे सुमारे 0.08 अँपिअर-तास. उलट, उभ्या गाडीत कोठेतरी अवघा 0.2 अँपिअर प्रवाह सतत झिरपत असेल, तर तेवढाच खर्च 25 मिनिटांत होतो. सेल्फ गर्जना करून घेतो, पण थोडे घेतो. झिरपणारा प्रवाह मूकपणे घेतो, आणि अखेर सर्वस्व घेतो.

आता उभी गाडी म्हणजे पूर्णपणे निजलेली गाडी, असेही नाही. तिचे घड्याळ, रेडिओची स्मरणशक्ती, इंजिनाचे नियंत्रण करणारा इलेक्ट्रॉनिक कक्ष, किल्लीची वाट पाहणारे कुलूप, हे सर्व थोडथोडा प्रवाह घेतच असतात. अशा प्रवाहाचे मान हजारांशात, म्हणजे मिलिअँपिअरमध्ये सांगतात. साधारण मोटारीत सर्व यंत्रणा शांत झाल्यावर हा खर्च 50 मिलिअँपिअरच्या आत असावा, हा कारागिरांमध्ये रूढ असलेला दंडक आहे. पुष्कळ गाड्यांत तो वीस-तीसच असतो.

बाहेरून बसवलेला अलार्म या खर्चात भर घालतो. त्याचे अवयव थोडक्यात असे: डॅशबोर्डखाली दडवलेली मुख्य पेटी, हातातील रिमोटचा संदेश ऐकणारा ग्राहक, धक्का ओळखणारा संवेदक, लुकलुकणारा छोटा दिवा, बॉनेटखालचा सायरन, आणि इंजिन चालू होऊ न देणारा रिले. सुस्थितीतील अलार्म पहाऱ्यावर असताना दहा ते वीस मिलिअँपिअर घेतो. त्याहून जास्त घेऊ लागला की समजावे, कोठेतरी पाणी मुरते आहे.

ते कोठे मुरते, याच्या जागा ठरलेल्या आहेत. पहिली जागा रिले. रिले म्हणजे विजेच्या चुंबकाने उघडणारी व मिटणारी खिडकी. तिची जोडणी दोन प्रकारे करता येते. एका प्रकारात गाडी उभी असताना रिलेला प्रवाह लागत नाही. दुसऱ्या प्रकारात अलार्म पहाऱ्यावर असेपर्यंत इंजिनाची वाट अडवून धरण्यासाठी रिलेला सतत प्रवाह पुरवावा लागतो. साध्या रिलेच्या वेटोळ्याचा रोध 80 ते 100 ओहम असतो. तो 90 धरला, तर 12.6 भागिले 90, म्हणजे 0.14 अँपिअर, अर्थात 140 मिलिअँपिअर प्रवाह रात्रभर त्यातून वाहत राहतो. येथे एकही वस्तू मोडलेली नसते. केवळ जोडणीची रीत चुकलेली असते.

दुसरी जागा सायरन. चोराने मुख्य बॅटरीची तार तोडली तरी ओरडता यावे, म्हणून काही सायरनांच्या पोटात स्वतःची छोटी बॅटरी असते. इंजिनाजवळच्या उष्णतेने ती जीर्ण झाली म्हणजे भरता भरत नाही, आणि मोठ्या बॅटरीतून प्रवाह ओढतच राहते. तिसरी जागा बॉनेटखालचा कळीचा स्विच. पावसाळ्यात तो गंजला की बॉनेट उघडले असल्याचा खोटा निरोप देतो. सायरन वारंवार वाजतो, दिवे चमकतात आणि खर्च वाढतो. चौथी जागा तारांचे जोड. मूळ तार सोलून तिला दुसरी पिळायची व वर चिकटपट्टी गुंडाळायची, एवढ्यावर भागवलेला जोड उन्हाने व धक्क्यांनी सैल होतो. पाचवी जागा सर्वांत फसवी आहे. आजच्या गाडीतील निरनिराळे इलेक्ट्रॉनिक कक्ष समाईक तारांवरून आपसांत निरोप देत असतात, आणि सर्वत्र सामसूम झाल्यावर निजतात. अलार्मची तार चुकीच्या ठिकाणी जोडली गेली, तर कोणीतरी दार वाजवते आहे अशा समजुतीने हे कक्ष निजतच नाहीत. मग अलार्म स्वतः थोडेच खातो, पण साऱ्या घराला जागे ठेवून त्यांना खायला लावतो.

छत्तीसगडची राजधानी रायपूर हे शहर या विषयाचे उदाहरण म्हणून घेण्याजोगे आहे. कारण बॅटरीची परीक्षा पाहणाऱ्या सर्व गोष्टी तेथे एकत्र येतात. मे महिन्यात तेथील पारा चाळीस अंशांच्या वर जातो, आणि उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या बॉनेटखाली त्याहून कितीतरी अधिक उष्णता साठते. बॅटरीचा स्वभावच असा की, काही न जोडताही ती आतल्या आत हळूहळू उतरते; आणि तापमान सुमारे दहा अंशांनी वाढले की, हा ऱ्हास जवळजवळ दुप्पट होतो. उन्हाळ्यापाठोपाठ दमट पावसाळा येतो, तो स्विच आणि तारांचे जोड गंजवतो. उरला आणि सिलतरा या औद्योगिक भागांकडील धूळ बॅटरीच्या माथ्यावर बसते. आम्लाच्या ओलाव्याशी तिची गाठ पडली म्हणजे दोन टर्मिनलांमध्ये प्रवाहाला एक बारीकशी पायवाट मिळते.

वापराची रीतही बॅटरीला मानवणारी नसते. शारदा चौक ते तात्यापारा चौक हा जी. ई. रोडचा तुकडा नकाशावर बोटाच्या पेराएवढा; पण संध्याकाळच्या गर्दीत तेथे गाडी जितकी चालते त्याहून जास्त उभी राहते. इंजिन मंद फिरत असताना अल्टरनेटर थोडीच वीज निर्माण करतो. त्यातच वातानुकूलन, दिवे आणि रेडिओ आपापला वाटा मागतात. दोन-तीन किलोमीटरच्या अशा फेरीत रात्री झालेली तूट भरून निघत नाही. जमेची बाजू अपुरी आणि खर्चाची बाजू अखंड, असे हे खाते होते.

याच्या जोडीला दीर्घ अनुपस्थिती. छत्तीसगडाशी मराठी माणसाचा संबंध जुना आहे. 1758 ते 1787 या काळात बिंबाजी भोसले यांनी रतनपूरहून या प्रदेशाचा कारभार पाहिला. रायपुरातील मराठी कुटुंबांचे आप्त नागपुराकडे आणि त्याही पलीकडे आहेत. दिवाळीला किंवा मुलांच्या सुटीत अशी कुटुंबे रेल्वेने जातात, आणि गाडी अलार्म लावून अंगणात उभी राहते. गाडीचे स्वतःचे 25 आणि अलार्मचे 15, मिळून 40 मिलिअँपिअर धरले, तर दिवसाला 0.96 अँपिअर-तास खर्च होतात. तीन आठवड्यांत वीस अँपिअर-तास, म्हणजे 35 च्या बॅटरीतील निम्म्याहून अधिक साठा गेला. परत आल्यावर सेल्फने मान टाकली, तर येथे बॅटरी दोषी नाही, अलार्मही दोषी नाही. दोन्ही बाजू निर्दोष असून केवळ गणिताने गाडी बंद पडली. असल्या प्रकरणात दुरुस्ती काय करणार? गावाला जाण्यापूर्वी बॅटरीची ऋण तार सोडवून ठेवणे, हाच उपाय.

चौकशीला लागण्यापूर्वी आणखी एक भ्रम दूर केला पाहिजे. रात्री अलार्म उगाच वाजला आणि सकाळी बॅटरी उतरलेली आढळली, तर अलार्म वाजल्याने ती उतरली, असा निष्कर्ष सहज काढला जातो. पण काही अलार्म विजेच्या दाबावर नजर ठेवून असतात. दार उघडले की आतला दिवा लागतो, दाब किंचित घसरतो, आणि तेवढ्यावरून ते घुसखोरी ओळखतात. मरणपंथाला लागलेल्या बॅटरीचा दाब आपोआप घसरला, तरी त्यांना चोर आल्याचा भास होतो. अशा वेळी अलार्मचा आक्रोश हे बॅटरीच्या आजाराचे कारण नसून लक्षण असते. कोणती गोष्ट आधी घडली, हे मोजल्यावाचून ठरत नाही.

म्हणून चौकशीचा पहिला साक्षीदार बॅटरी. ती बाहेरच्या चार्जरने पूर्ण भरावी, काही तास स्वस्थ ठेवावी आणि मग दाब पाहावा. 12.6 च्या आसपास राहिली व बॅटरीवाल्याकडील भार-परीक्षेतही टिकली, तर ती निर्दोष. भरूनही दाब चढत नसेल, किंवा सेल्फ मारताच तो कोसळत असेल, तर तिचे आयुष्य सरले. दुसरा साक्षीदार अल्टरनेटर. इंजिन चालू असताना टर्मिनलांवर साधारण 13.8 ते 14.4 व्होल्ट दिसले पाहिजेत. हे दोघे निर्दोष ठरले, तरच तिसऱ्याकडे, म्हणजे झिरपणाऱ्या प्रवाहाकडे वळावे.

त्यासाठी प्रवाह मोजणारा मीटर लागतो. मल्टीमीटर दहा अँपिअरच्या खाचेत लावून ऋण टर्मिनल आणि ऋण तार यांच्या मध्ये जोडतात, म्हणजे बॅटरीतून जाणारा सर्व प्रवाह मीटरमधून जातो. येथे तीन पथ्ये आहेत. मीटर प्रवाहाच्या खाचेत असताना तो बॅटरीच्या दोन टर्मिनलांवर आडवा कधीही लावू नये. क्षणात मोठा प्रवाह वाहून फ्यूज जातो आणि हातही भाजतो. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारू नये. आणि बॅटरीतून निघणारा हायड्रोजन वायू स्फोटक असल्याने जवळपास विडी, काडी किंवा ठिणगी नसावी. हातातील कडे व अंगठी काढून ठेवावी. तार न सोडवता नुसता चिमटा लावून एकदिश प्रवाह मोजणारे मीटरही मिळतात. ते अधिक सोयीचे.

याहूनही महत्त्वाची पथ्ये आहेत ती धीराची. गाडी बंद केल्याबरोबर मीटर एक-दोन अँपिअरही दाखवील. त्याने घाबरून जाऊ नये. आतले कक्ष निजायला काही मिनिटे लागतात, काही गाड्यांत अर्धा-पाऊण तासही लागतो. रिमोटची किल्ली दूर, घरात ठेवावी. नाही तर तिच्या सान्निध्याने गाडी जागीच राहते. मीटर लावताना तार क्षणभर सुटली, तरी कक्ष पुन्हा जागे होतात आणि पुन्हा वाट पाहावी लागते.

आणि येथेच बहुतेक परीक्षा फसतात. दुरुस्तीच्या दुकानात गाडीचे बॉनेट उघडे, दार उघडे आणि अलार्म बंद, अशा स्थितीत मीटर लावला जातो. पहारेकरी सुटीवर असताना त्याचा खर्च कसा दिसणार? वर सांगितलेला रिले अलार्म पहाऱ्यावर असतानाच प्रवाह घेतो. म्हणून मापन अलार्म लावूनच केले पाहिजे. त्यासाठी दारे लावून घ्यावीत, बॉनेटचा स्विच दाबलेल्या स्थितीत बांधून ठेवावा, अलार्म लावावा आणि अर्ध्या तासाने आकडा वाचावा. मग अलार्म काढून पुन्हा तसाच आकडा घ्यावा. या दोन आकड्यांतील अंतर पुष्कळ काही सांगून जाते.

उदाहरणादाखल काही आकडे धरून चालू. अलार्म लावलेला असताना मीटरने 190 मिलिअँपिअर दाखवले. दिवसाचा खर्च झाला 4.56 अँपिअर-तास, म्हणजे 35 ची बॅटरी चार दिवसांच्या आत निम्मी आणि आठव्या दिवशी रिकामी. आता फ्यूजपेटीतील एकेक फ्यूज काढून पाहावा. ज्या फ्यूजबरोबर आकडा खाली येईल, त्या वाटेवर गुन्हेगार आहे. सगळे फ्यूज काढले तरी आकडा हलत नाही, असेही घडते. कारागीर येथे गोंधळतो. पण हा मोठा पुरावाच आहे. याचा अर्थ असा की, प्रवाह फ्यूजपेटीतून जातच नाही. तो बॅटरीवरून थेट दुसऱ्या वाटेने जातो. अशा वाटा थोड्या असतात. एक अल्टरनेटरची, त्यातील डायोड खराब झाला तर तोही उलट प्रवाह गळू देतो. दुसरी बाहेरून बसवलेल्या वस्तूंची. अलार्म बसवणारे अनेकदा त्याची तार थेट बॅटरीवर घेतात आणि तिच्यातच एक वेगळा फ्यूज घालतात. तो बॅटरीजवळ किंवा डॅशबोर्डखाली तारांच्या जुडग्यात सापडतो.

सायरनला वेगळी किल्ली असल्यास तो आधी बंद करावा, नाही तर वीज तुटल्याबरोबर तो साऱ्या आळीला जमा करील. मग अलार्मचा फ्यूज काढावा. आकडा 190 वरून 25 वर आला, तर संशयाचे पुराव्यात रूपांतर झाले. 165 मिलिअँपिअर अलार्मच्या नावे लागले. तेवढ्यावर थांबू नये. फ्यूज परत घालून सायरनचा जोड सोडवावा. आकडा 190 वरून 175 झाला, तर सायरनचा वाटा 15. मग रिले काढावा. आकडा 35 वर आला, तर रिलेचा वाटा 140. उरलेले दहा मुख्य पेटीचे आणि पंचवीस गाडीचे. सर्व अलार्म फेकून देण्याची गरज नव्हती. रिलेची जोडणी बदलली की 190 चे 50 होतात. पन्नास ही मर्यादेची सीमा आहे, तेव्हा सायरनमधील जुनी छोटी बॅटरीही बदलून घेतलेली बरी.

प्रवाह मोजणारा मीटर ज्याच्याजवळ नाही, अशा गृहस्थालाही एक सोपी परीक्षा करता येते. बॅटरी पूर्ण भरून, काही तास थांबून दाब लिहून ठेवावा, अलार्म लावून गाडी तीन दिवस न हलवता उभी करावी आणि चौथ्या सकाळी दाब पाहावा. नंतर बॅटरी पुन्हा तशीच भरून, अलार्मचा फ्यूज काढून, तितकेच दिवस गाडी उभी ठेवावी. दोन्ही वेळा दाब सारखाच घसरला, तर अलार्म निर्दोष. पहिल्या वेळी अधिक घसरला, तर दोष त्याच्या पदरी. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बाकी सर्व तसेच ठेवायचे, हे प्रयोगशाळेतील तत्त्व अंगणातही तितकेच खरे आहे.

दुरुस्तीबाबत दोन शब्द. जोड पिळून बांधलेले असतील, तर ते डाक देऊन पक्के करून घ्यावेत. अलार्म काढायचाच ठरला, तर नुसती पेटी उपटू नये. बसवताना कापलेल्या मूळ तारा पूर्ववत सांधून घ्याव्यात, अन्यथा गाडी चालूच होणार नाही किंवा रस्त्यात बंद पडेल. हमी चालू असलेल्या गाडीत तारा कापण्यापूर्वी हमीपत्रातील अटी वाचाव्यात. बॅटरीची तार सोडवताना ऋण आधी, धन नंतर. जोडताना धन आधी, ऋण नंतर. टर्मिनलावर पांढरा-हिरवट थर साचला असेल, तर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने तो धुवावा व पुसून कोरडा करावा.

हे सर्व लवकर का करावे, यालाही कारण आहे. उतरलेली बॅटरी तशीच पडू दिली, म्हणजे पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात आणि ते पुन्हा विरघळत नाहीत. एकेका वेळच्या उतरण्याने तिचे कोठार थोडे थोडे लहान होते. गुन्हा अलार्मच्या रिलेचा. पण शिक्षा भोगून मरते ती बॅटरी. मग तिचे प्रेत पाहून तीच मुळात नाजूक होती, असा शेरा मारला जातो.

मेलेल्या बॅटरीचा प्रश्न तिच्या मालकाच्या अंगणात संपतही नाही. तिच्यात किलोगणिक शिसे असते आणि आम्ल असते. शिसे हे विष आहे, आणि त्याचा सर्वांत मोठा घाला लहान मुलांच्या वाढत्या मेंदूवर पडतो. जुन्या बॅटऱ्या कोठेतरी मागच्या गल्लीत फोडून, उघड्या भट्टीत शिसे वितळवले जाते, तेव्हा त्याचा धूर व राख तेथील मातीत आणि माणसांत उतरते. हे टळावे म्हणून भारत सरकारने 2022 मध्ये बॅटरी कचरा व्यवस्थापनाचे नियम केले आणि वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करून त्यांचे रीतसर पुनर्चक्रण करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. ग्राहकाने आपली जुनी बॅटरी भंगारवाल्याला न देता अधिकृत विक्रेत्याकडेच परत करावी, हे त्याचे कर्तव्य. पण त्याहून श्रेयस्कर असे एक कर्तव्य आहे: जी बॅटरी अजून दोन वर्षे चालली असती, तिला चौकशीवाचून निकालात काढू नये.

संरक्षणासाठी माणूस जी जी वस्तू घरात आणतो, तिचा काहीतरी खर्च असतोच. तो खर्च मोजून ठेवला, म्हणजे संरक्षण परवडते. न मोजता सोडला, म्हणजे ज्याचे रक्षण करायचे तेच हळूहळू नाहीसे होते. पन्नास मिलिअँपिअर ही रेघ, अर्ध्या तासाचा धीर, आणि अलार्म पहाऱ्यावर असताना केलेले मापन, एवढी सामग्री पदरी असली, तर रायपूरच्या उन्हातही कोठाराचा जमाखर्च ताळ्यावर राहतो, आणि मध्यरात्री किल्ली फिरवण्याची वेळ आलीच, तर गाडी हाकेला ओ देते.